स्वराच्या डोक्यावरचा ठिपका

नमस्कार मंडळी. परभणी, नांदेड, अंबाजोगाई, कुठंबी जा, गाण्याच्या परीक्षा जवळ आल्या की लेकरं पुस्तक समोर ठेवून बंदिशी पाठ करायलेत, पण स्वरलिपीतल्या, म्हणजे स्वर कागदावर लिहायच्या पद्धतीतल्या, खुणा नीट सांगणारं जवळ कुणी नसतं, म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

पहिलं हे बघा की पुस्तक कुठल्या पद्धतीचं आहे, भातखंडे का पलुस्कर. स्वराच्या डोक्यावर ठिपका असला तर भातखंडे पद्धतीत तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला, आणि पलुस्कर पद्धतीत तोच ठिपका म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला, म्हणजे सरळ दोन सप्तकांचा फरक! पलुस्कर पद्धतीत तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ असते, अन् भातखंडे पद्धतीत तीच रेघ म वर आली की तो तीव्र, म्हणजे चढा म. शून्याचंही तसंच, भातखंडे पद्धतीत ती तालाची खाली, म्हणजे बिनटाळीची जागा, अन् पलुस्कर पद्धतीत शून्य स्वराखाली आलं की अर्धी मात्रा. पुस्तकात सुरुवातीला चिन्हांचं पान असतं, ते लेकरं उलटून टाकतात, तसं करू देऊ नका.

आता कंस. भातखंडे पद्धतीत प कंसात दिसला की बरेच जण तो साधा प म्हणूनच गातात. तिथं खटका आहे, म्हणजे झटक्यात घ्यायचा स्वरांचा झुबका. वरचा ध, मग प, मग खालचा म, परत प, धपमप, आणि हे चारही त्या एका प च्याच वेळात बसवायचे. म कुठला घ्यायचा ते राग ठरवतो, यमन असंल तर तीव्रच.

मला सगळ्यात नाजूक वाटतो तो कण. भीमपलास रागात कोमल, म्हणजे उतरलेल्या ग च्या डाव्या खांद्यावर बारीक म छापलेला असतो, त्याला स्वतःची मात्रा नाही, त्याला नुसतं शिवून ग वर यायचं, तिथं म वर थांबलात की भीमपलास राहतच नाही. आणि दरबारी रागातला ग बघा, भातखंडे पद्धतीत खाली कोमलची तीच आडवी रेघ, कागदावर तोबी कोमल गच, पण गाताना तो संथ आंदोलन घेतो, म्हणजे हळूहळू झुलतो, ते त्या रेघेत कुठून दिसणार? त्यासाठी गुरुजींकडं बसायला पाहिजे, नाहीतर चांगलं रेकॉर्डिंग लावून त्या एका ग वरच कान ठेवायचा.

तर दुपार कलली की भीमपलासची बंदिश काढा, अगोदर शब्द बाजूला ठेवून नुसते स्वर म्हणा, कण सोडून एकदा आणि कण घेऊन एकदा, अन् घरातल्या कुणालातरी समोर बसवून ऐकवा.