पुस्तक घेण्याआधी पॅटर्न पाहा

नमस्कार. (पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून) इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून हे जुने पुस्तक मी निम्म्या किमतीत आणले आणि दोन दिवस स्वतःवर बेहद्द खूश होतो. तिसऱ्या दिवशी बाकावरच्या मित्राने मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले ‘2015 पॅटर्न’ हे शब्द दाखवले. पॅटर्न म्हणजे विद्यापीठाने त्या वर्षापासून लागू केलेला अभ्यासक्रम. आमची बॅच 2019 पॅटर्नची होती आणि शेवटच्या दोन युनिटांतले बरेचसे घटक या पुस्तकात नव्हतेच. दुकानदाराने ते परत घेतले नाही. खरे तर त्याचा दोषही नव्हता, कारण मुखपृष्ठ वाचायचे काम माझे होते.

म्हणून दुकानात जाण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या पॅटर्नचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. प्रत्येक विषयाच्या शेवटी टेक्स्ट बुक्स आणि रेफरन्स बुक्स अशा दोन याद्या असतात. त्यांतली दुसरी यादी ग्रंथालयात बसून वाचण्यासाठी आहे, विकत घेण्यासाठी नव्हे. पहिल्या यादीतलेही सगळे लगेच घेऊ नका. दोन आठवडे तासांना बसलात, की सर किंवा मॅडम प्रत्यक्षात कोणत्या पुस्तकातून शिकवतात हे आपोआप कळते.

लोकल ऑथरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम इथल्याच लेखकांनी लिहिलेल्या पुस्तकांना नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ती युनिटच्या क्रमाने लिहिलेली असतात, त्यांत जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे असतात आणि ती स्वस्तही असतात. संकल्पना मात्र जाडजूड पुस्तकातूनच समजते. त्यामुळे माझ्या मते पातळ पुस्तक विकत घ्यावे आणि जाड पुस्तक ग्रंथालयाच्या कार्डावर आणावे. अपवाद फक्त त्या एखाद्या विषयाचा, जो तुम्हाला पुढे एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी लागणारच आहे.

जुनी पुस्तके पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनला किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळच्या फुटपाथवर मिळतात. परंतु त्याहून चांगला सौदा तुमच्याच महाविद्यालयात, एक वर्ष पुढच्या वर्गात बसलेला असतो. दुकानदार सीनियरकडून पुस्तक अगदी कमी भावात घेतो आणि तुम्हाला बऱ्याच जास्त भावात विकतो. परीक्षा संपताच सीनियरला थेट गाठले, तर मधला फरक दोघांना वाटून घेता येतो, शिवाय समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा फुकट मिळतात. (शेवटची पाने उलगडून) घेताना शेवटची पाने जरूर तपासा, कारण सोडवलेल्या प्रश्नपत्रिका बहुधा तिथेच असतात आणि नेमक्या त्याच फाडून नेलेल्या असतात. आतल्या पानांवरही नजर टाका. ग्रंथालये पहिल्या पानाखेरीज आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारतात. तो दिसला, तर ते पुस्तक कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

आता झेरॉक्सविषयी. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन, अध्यापनासाठी निवडक प्रकरणांच्या छायाप्रतींचे संच करण्याविरुद्ध प्रकाशकांनी केलेला दावा फेटाळला होता. त्याचा अर्थ अख्खे पुस्तक झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग करावे असा होत नाही. शिवाय अशा सहाशे पानांच्या झेरॉक्सचा खर्च मांडून पाहिलात, तर जुनी प्रत अनेकदा स्वस्त पडते.

फुकट आणि पूर्णपणे कायदेशीर असे साहित्यही भरपूर आहे. इंजिनिअरिंगसाठी आयआयटींच्या प्राध्यापकांची एनपीटेल या मोफत ऑनलाइन मंचावरची व्याख्याने आहेत, तर कला आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांना इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरचे स्वयंअध्ययन संच उपयोगी पडतात.

आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘बुक बँक आहे का?’ असे स्पष्ट शब्दांत विचारा. जिथे ती असते, तिथे पूर्ण सेमिस्टरसाठी पुस्तकांचा संच मिळतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची पुस्तकपेढी योजना आपल्या महाविद्यालयात चालते का, हेही सूचना फलकावर कागद शोधत बसण्यापेक्षा थेट ग्रंथपालांनाच विचारलेले बरे. संच मोजके असतात, तेव्हा सेमिस्टर सुरू होईल त्या दिवशी, पहिल्या तासाच्या आधीच काउंटरवर जा आणि ओळखपत्र सोबत ठेवा.