गड्ड्याच्या आदल्या आठवड्यात

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांचा फोन आला, "तुम्ही परवाच सोलापूरहून आलाय, पाच-सात मिनिटं बोला. नवीन वर्षाचं, जरा उमेद वाटेल असं काहीतरी." मी हो म्हटलं तेव्हा पहाटेचे तीन वाजल्यासारखं वाटत होतं, म्हणून पुढे जे काही ऐकाल त्याला मी एकटी जबाबदार नाही.

रविवारी रात्री आम्ही टोरोंटोला उतरलो. तीन आठवडे बंद असलेल्या घराला एक थंडगार वास येतो, तो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बॅगा जिन्याशी टाकून मी हीटर वाढवायला गेले, तर स्वयंपाकघरातून धो धो पाण्याचा आवाज. बघते तर आमची नऊ वर्षांची लेक कुकर, पातेली, डबे, हाताला लागेल ते भरून ओट्यावर रांगेने मांडतेय. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, पाणी आलंय!"

इथल्या सोलापूरकरांना यावर काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे वार नंतर, पाण्याचा दिवस आधी. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. ते कधी रात्री दोनलाही येतं. नळ आधी फुसफुसतो, मग खाकरतो, आणि त्या खाकरण्याने माझी आई, म्हणजे आमची अम्मा, गाढ झोपेतून उठून बसते. तिसऱ्या आठवड्यात लेकीलाही तो आवाज ओळखू यायला लागला. पण याचं मी कौतुक करणार नाही. उजनीएवढं धरण जिल्ह्यात असताना सत्तरीतल्या बाईने मध्यरात्री हंडे भरावेत, यात गोड काही नाही. इथे राहून गावाच्या गैरसोयींना आठवणी म्हणून कुरवाळायची आपल्याला सवय लागते. मलाही लागली आहे.

अम्मा म्हटलं म्हणून सांगते, आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरात तेलुगू. आजोबा मागावर काम मिळेल म्हणून सोलापुरात आले. वडील, आमचे नाना, जेकार्डच्या मागावर चादरी विणायचे. अम्मा विड्या वळायची. शेजारचं घर कन्नड, समोरचं उर्दू आणि शाळा मराठी. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं इथे कुणी विचारलं की मी सोलापूर सांगते आणि थांबते. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात स्वातंत्र्यलढ्यातले आमचे चार जण फाशी गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ही नावं ओळीने म्हटली की मला आमच्या गल्लीतल्या दारावरच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं.

यंदा पिन्नीच्या, म्हणजे मावशीच्या, नव्या घरी गेलो. कुंभारीजवळ रायनगर म्हणून कामगारांची वसाहत झाली आहे. विडीवाल्या, यंत्रमागवाले, कष्टकरी माणसं. 2024 च्या जानेवारीत तिथली पहिली 15 हजार घरं लोकांच्या ताब्यात दिली. पिन्नीची मजुरी जन्मभर हजार विड्यांवर मोजली गेली आणि राहणं भाड्याच्या एका खोलीत. तिने आम्हाला घर दाखवलं, म्हणजे प्रत्येक दार दोनदा उघडून दाखवलं. मोरीचा दिवा लावला, विझवला, परत लावला. "बटण आतल्या बाजूला आहे बघ," म्हणाली. मग लगेच तक्रार सुरू झाली. गाव लांब पडतं, रिक्षालाच पैसे जातात, शेजारीण केर आमच्या दारात लोटते. तक्रार ऐकून मला फार बरं वाटलं. पाहुणा माणूस केराबद्दल कशाला बोलेल?

आता उमेदीचं. आमचं वर्ष लहानपणी एक जानेवारीला सुरू व्हायचंच नाही. ते संक्रांतीच्या सुमाराला, ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला सुरू व्हायचं. आणि मुलांच्या शाळेपायी माझं परतीचं तिकीट दरवर्षी गड्ड्याच्या आधीचंच असतं. म्हणजे पाळणे उभे राहताना बघायचे आणि निघायचं. याचा मला इतकी वर्षं राग यायचा.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी, रात्री साडेदहाच्या सुमाराला, औषध आणायला बाहेर पडले होते. कोपऱ्यावर पोरं नंदीध्वजाचा सराव करत होती. यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात. उंचच्या उंच काठी, ती एकट्याने पेलून चालायचं, बाकीचे भोवतीने. दिवसभर दुकानात, कारखान्यात राबून ही पोरं रात्री जमतात. एक नवीन पोरगा होता, मिसरूडही नीट फुटलेलं नाही. चार पावलं गेला आणि काठी डुलायला लागली. तो घाबरून खाली बघायला लागला, तसा मागून एक म्हातारा ओरडला, "वर बघ बे, वर! पायाकडं काय बघलालास?" पोराने मान वर केली. काठी आणखी एकदा झुकली, मग सरळ झाली. तो दिव्याच्या खांबापर्यंत गेला. टाळ्या नाहीत, काही नाही. दुसऱ्याने काठी घेतली आणि याने बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायलं. मी औषध विसरून अर्धा तास उभी होते.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली. बॅगेत चादर, चादरीत गुंडाळलेली शेंगाचटणी, वर कडक भाकऱ्यांची चवड. गाडी हलली तेव्हा नेहमीसारखं रडू आलंच, पण राग आला नाही. पोराचं पुढे काय झालं एवढंच डोक्यात होतं.

ते आता कळेल. यात्रेतला अक्षतेचा सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाचा विधी, हल्ली फोनवर थेट दिसतो. सोलापुरात दुपार, इथे रात्रीचे अडीच. "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" म्हटलं की सगळं मैदान तांदूळ उधळतं. दरवर्षी मी एकटीच उठून बघते. यंदा लेक म्हणाली, मलाही उठव, आणि पांढरा फ्रॉक इस्त्रीला काढून ठेवलाय.

ज्यांना जागं राहणं जमेल त्यांनी या. तांदूळ बासमती आहे, चालवून घ्या. चटणी-भाकरी भरपूर आहे. फक्त गाड्या रस्त्यावर लावा, आमच्या दारातला बर्फ अजून उपसायचा आहे.