सपाट विश्वातलं कृष्णविवर

नमस्कार श्रोतेहो. आपल्या विश्वात लांबी, रुंदी, उंची आणि काळ, अशा चार मिती. आज त्यातली उंची काढून टाकू. उरल्या तीन. आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं मात्र तीच ठेवू. त्यांत गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश आणि काळ यांची वक्रता.

चार मितींत वक्रतेचे 20 घटक. त्यातले 10 त्या जागेवरचं द्रव्य ठरवतं. उरलेले 10 मोकळे, म्हणूनच गुरुत्वीय लहरी रिकाम्या जागेतून धावतात. तीन मितींत घटक सहाच, आणि सहाही द्रव्याशी बांधलेले. म्हणजे रिकामी जागा सपाट. लहर नाही, ओढ नाही. पुन्हा सांगतो, ओढ नाही!

मग वस्तुमान करतं काय? भेळेचा कागदी पुडा आठवा. कागदाला कुठे ताण नाही, पण टोक आहे. गोल कागदाची एक फाक कापा, कडा चिकटवा, की झाला शंकू. डेझर, जॅकीव आणि ट हूफ्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी 1984 साली हेच मांडलं : स्थिर कण म्हणजे शंकूचं टोक. कापा आणि चिकटवा. शाळांतून हस्तकलेचे तास कमी केले जातात, ते मला मुळीच पटत नाही. हातात कात्री असली की भूमिती बोटांना कळते.

आता माझी लाडकी गोष्ट. चिलीची राजधानी सांतियागो. पिनोचेच्या लष्करी राजवटीतच, 1984 साली, तिथे एक छोटं संशोधन केंद्र उभं राहिलं. मोठं विज्ञान मोठ्या देशांतच होतं असं मानणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. 1992 साली तिथल्या बान्यादोस, तैतेलबॉइम आणि झानेली या तिघांनी समीकरणांत ऋण वैश्विक स्थिरांक घेतला, म्हणजे रिकाम्या जागेलाच मूळची वक्रता देणारी एक संख्या. त्यामुळे रिकामी जागा सगळीकडे सारखीच वक्र होते. जिथे प्रत्येक जागा दुसरीसारखी, तिथे कृष्णविवर राहणार कुठे? पण उत्तरात क्षितिज निघालं, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा! वस्तुमान आहे, फिरकी आहे, तापमानही आहे. पुढच्या वर्षी हेनॉ या भौतिकशास्त्रज्ञांना सोबत घेऊन त्यांनी त्याची घडण उलगडली : तेच एकसारखं अवकाश, फक्त त्यातले ठरावीक बिंदू एकमेकांना जोडलेले. इथेही चिकटवणंच! तिघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे बीटीझेड विवर. 2005 साली जन्मदात्याचं नाव समजल्यावर तैतेलबॉइम यांनी बुन्स्टर हे आडनाव घेतलं, विवराच्या नावातला ‘टी’ मात्र तसाच राहिला.

पुढे 1997 साली भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रॉमिंजर यांनी ब्राउन आणि हेनॉ यांचं 1986 चं गणित वापरून या विवराच्या सूक्ष्म अवस्था मोजल्या, म्हणजे बाहेरून तेच दिसणारं विवर आतून किती प्रकारे मांडलेलं असू शकतं ते. एन्ट्रॉपी, म्हणजे या अवस्थांच्या संख्येचं माप, क्षितिजाच्या परिघावरून येते तेवढीच आली, अगदी सूत्रातल्या गुणकासकट. नमस्कार.