बदली लेहला, बिऱ्हाड सोलापूरचं

श्रोतेहो, नमस्कार.

लष्करात, बँकेत किंवा रस्तेबांधणीत नोकरीला असलेल्या सोलापूरच्या माणसाला लडाखमधल्या लेहची बदली आली की घरात पहिली चर्चा थंडीची होते. स्वेटर किती, रजई न्यायची का. थंडीची तयारी पैसे टाकून करता येते. खरी गाठ पडते ती उंचीशी. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात तिथं उतरवतं, आणि हवा इतकी विरळ की प्रत्येक श्वासात प्राणवायू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी मिळतो. म्हणून आधी उंचीचंच सांगतो, नवरा-बायको दोघंच निघालेत असं धरून.

पहिले दोन दिवस सामान बांधलेलंच राहू द्या. पेटी उचलू नका, बाजाराचा चढ चढू नका, पाणी पीत राहा, दारू-सिगारेट अजिबात नको. डोकं जड होणं, मळमळ, झोप न लागणं हे बहुतेकांना होतं आणि विश्रांतीनं उतरतं. सोलापुरात 97-98 दाखवणारा ऑक्सिमीटर तिथं पहिल्या दिवशी नव्वदीच्या खाली आला तर तेवढ्यानं घाबरू नका. पण नुसतं बसूनही धाप लागली, खोकला वाढत गेला, बोलण्यात गोंधळ झाला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ती गोष्ट त्यांना आवर्जून सांगा.

दोघांना त्रास सारखा होत नाही, आणि ज्याला होतो तो ‘मी ठीक आहे’ असंच म्हणत राहतो. म्हणून एकमेकांची परीक्षा घ्या. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. तोल गेला तर मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी प्राणवायू आणि डॉक्टर, आणि शक्य तितक्या लवकर खालची उंची.

आता घर. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आपण रात्री साध्या स्वेटरवर फिरतो, त्याच जानेवारीत लेहचा पारा रात्री उणे 15 च्या आसपास असतो. गॅसच्या टाकीतला ब्यूटेन कडाक्याच्या थंडीत नीट वायूत बदलत नाही, म्हणून भरलेली टाकीही मंद जळते. टाकी घरात, उबदार बाजूला, लाकडी फळीवर ठेवा. तिच्याखाली जाळ धरण्याचा वेडेपणा कुणी सुचवला तरी करू नका. खोली गरम करायला बुखारी असते, म्हणजे धुरांड्याची लोखंडी शेगडी. थंडीच्या आधी तिची नळी काजळी काढून मोकळी करा, ती पेटलेली असताना खिडकी दोन बोटं उघडी ठेवा आणि झोपताना विझवा. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नवरा-बायको दोघंही झोपलेले असतील तर उठवायला तिसरं कुणी नाही, हे ध्यानात असू द्या.

तिथं पाणी साधारण 88 अंशांवरच उकळतं. नुसत्या पातेल्यात तूरडाळ तासन् तास रटरटते आणि दाणा तसाच. कुकरमध्येही आतलं तापमान सोलापूरपेक्षा चार-पाच अंशांनी कमी राहतं. तेव्हा डाळ दोन तास भिजवा, शिट्ट्या मोजू नका, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून इथल्या दीडपट वेळ ठेवा. कुकरचं जादा रबर इथूनच न्या. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र त्या कोरड्या हवेत उत्तम टिकतात. आपली चादर अंथरायला न्या, पण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंग गार पाडतं; अंगाला लागून लोकर किंवा कोरडं राहणारं थर्मलच हवं.

हिवाळ्यात नळ गोठतात, त्यामुळे घर घेतानाच मालकाला विचारा: पाणी कुठून भरायचं, गीझर आणि नळ्या रिकाम्या कशा करायच्या, राखमातीचा कोरडा संडास आहे का. गाडी नेत असाल तर रेडिएटरमधलं पाणी बदला. आपल्याकडे साधं पाणी टाकून वर्षं निघतात. तिथं एका रात्रीत त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि इंजिनचा ब्लॉक तडकतो. कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं घाला. बाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, म्हणून निघण्याआधीच पोस्टपेड करून घ्या.

आणि आता फिरणं. इथं एकच आग्रह: ठिकाणं किलोमीटर पाहून लावू नका, उंची पाहून लावा. खारदुंग ला लेहपासून जेमतेम 40 किलोमीटर, म्हणून नवी जोडपी पहिल्याच रविवारी निघतात. तो घाट 5,359 मीटरवर आहे. उलट सिंधूच्या काठानं पश्चिमेला गेलं की अंतर वाढतं आणि उंची उतरते. निम्मूला सिंधू आणि झंस्कार यांचा संगम सुमारे 35 किलोमीटरवर. दोन रंगांची पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. त्याच रस्त्यानं पुढं आलची लेहपेक्षा खाली, साधारण 3,100 मीटरवर आहे. तिथल्या मठाच्या भिंतींवर जवळपास नऊशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. आत अंधार असतो. दाराशी थांबून डोळे सरावू द्या, मग मूर्तींच्या धोतरांवर रेखलेले बारीक प्रसंग एकेक करून उमटत जातात. पहिला आठवडा याच बाजूला घालवा. शे आणि ठिकसे लेहच्या जवळ आहेत, पण ठिकसेच्या मठाच्या पायऱ्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाआधी चढू नका.

नंतर नुब्राचं खोरं. खारदुंग ला ओलांडताना पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. मुक्कामाचं हुंदर पुन्हा तीन हजारांच्या आसपास उतरतं, त्यामुळे झोप लागते. वाळूच्या टेकड्या आणि दोन मदारींचे उंट तिथंच.

पँगाँग सगळ्यात शेवटी. तळं जवळपास सव्वाचार हजार मीटरवर, वाटेतला चांग ला 5,300 च्या पुढं. डोकं दुखत असेल तर त्या दिवशी निघूच नका. रात्री तळ्याकाठी त्रास वाढला तर खाली उतरायलाही आधी तोच घाट चढावा लागतो. हा सीमेजवळचा भाग आहे, म्हणून परवाना आणि शुल्काचा चालू नियम लेहमध्येच विचारा, ओळखपत्राच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा. आणि उन्हाळ्यात पहाटेच निघा. दुपारी वरचा बर्फ वितळतो, रस्त्यावरचे ओढे फुगतात, आणि सकाळी चाक जेमतेम ओलं करणारं पाणी परतताना लहान गाडीला अडवून धरतं.