डब्याची मागची बाजू: डिझेल ट्रॅक्टरसाठी इंजिन ऑइल निवडताना

[दृश्य: शेडमध्ये उभा ट्रॅक्टर, बॉनेट उघडं. फळीवर ऑइलचे पाच-सहा डबे. एक हात डबा उचलतो आणि उलटा फिरवतो.]

डब्याच्या पुढच्या बाजूला ट्रॅक्टरचं चित्र आहे. 'जादा ताकद' आहे, 'दीर्घायुष्य' आहे. इंजिनाला यातलं काही कळत नाही. त्याच्या कामाच्या दोनच ओळी असतात आणि त्या बहुतेक वेळा मागे, बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. एक ओळ जाडीची, म्हणजे एसएई 15डब्ल्यू-40 अशी. दुसरी दर्जाची, म्हणजे एपीआय सीआय-4 अशी. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या ओळींशी या दोन जुळल्या की निवड जवळपास झाली.

अडचण येते ती पुस्तिका सापडत नाही तेव्हा, सांगितलेला ग्रेड मिळत नाही तेव्हा, किंवा 'इंजिन जुनं झालंय, जरा जाड ऑइल टाक' असा सल्ला येतो तेव्हा. म्हणून आधी जाडीचंच बघू. सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

[दृश्य: काचेच्या दोन नळ्यांत दोन ऑइलं. नळ्या उलट्या केल्यावर बुडबुडे वर सरकतात, एकात भरभर, दुसऱ्यात सावकाश.]

15डब्ल्यू-40 मधला शेवटचा 40 हा गरम इंजिनातला आकडा. 100 अंश सेल्सियसला ऑइलची जाडी 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्सच्या (हे जाडी मोजायचं एकक) दरम्यान राहिली, तर ते 40 ग्रेडचं ऑइल. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड इंजिनासाठी. तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं आणि स्टार्टर मारल्यावर लवकर वर चढतं. 15डब्ल्यूची चाचणी उणे 20 अंशांवर होते, 20डब्ल्यूची उणे 15 वर.

आता 15डब्ल्यू-40 आणि 20डब्ल्यू-40 शेजारी ठेवा. भर दुपारी नांगरट चालू असताना दोन्ही एकाच वर्गात मोडतात, कारण शेवटचा आकडा दोघांचाही 40 आहे. फरक आहे तो पहाटे इंजिन चालू करतानाच्या पहिल्या काही सेकंदांचा. रात्रभरात ऑइल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पंपाने ते ओढून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत, तिथून वर रॉकरपर्यंत आणि टर्बो असेल तर टर्बोच्या बुशपर्यंत पोचवेपर्यंत ते भाग मागे राहिलेल्या पातळशा थरावरच फिरतात. त्यामुळे पुस्तिकेत दोन्ही ग्रेड चालतील असं लिहिलं असेल, तर 15डब्ल्यू घ्यावं. 20डब्ल्यू चुकीचं नाही. ज्या भागात पारा फारसा उतरत नाही तिथे अनेक इंजिनं त्यावर व्यवस्थित चालतात.

आता 'जरा जाड टाक'कडे येऊ.

[दृश्य: ऑइल प्रेशरचा काटा. इंजिन चालू होताच काटा झपकन वर जातो.]

थंड इंजिनात जाड ऑइल असलं की काटा वर जातो आणि बघणारा खूश होतो. पण काटा दाब दाखवतो, किती ऑइल वाहतंय ते दाखवत नाही. ऑइलला वाट अवघड झाली की दाब वाढतोच. ठरलेल्या मर्यादेच्या वर दाब गेला की पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग बेअरिंगकडे न जाता थेट चेंबरमध्ये परततो. फिल्टरमध्येही तेच. फिल्टरच्या कागदातून जाड ऑइल पुरेसं पुढे सरकत नाही, मग त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. म्हणजे इंजिन वाचवायला जाड ऑइल टाकलं आणि रोज सकाळी बेअरिंगला कमी ऑइल मिळालं, तेही कचऱ्यासकट.

झिजलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 टाकल्यावर आयडलचा, म्हणजे इंजिन कामाशिवाय हळू चालू असतानाचा, दाब सुधारलेला दिसतो, निळा धूरही थोडा कमी होतो. बेअरिंगमधली वाढलेली फट आणि रिंगांची झीज मात्र आहे तिथेच असते. इंजिन खोलायचा दिवस थोडा पुढे ढकलायला हा उपाय चालेल. दुरुस्ती म्हणून याकडे बघू नये.

[दृश्य: डब्याच्या मागच्या बाजूचं एपीआयचं गोल चिन्ह, अगदी जवळून.]

दुसरी ओळ, दर्जाची. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. या गोल चिन्हात वरच्या कडेला दर्जा असतो आणि मधोमध जाडी. दर्जाचं पहिलं अक्षर 'सी' असेल तर ऑइल डिझेलचं, 'एस' असेल तर पेट्रोलचं. दुसरं अक्षर पिढी सांगतं. शेवटचा 4 म्हणजे चार स्ट्रोक इंजिन. डब्यावर 'सीआय-4 / एसएल' असं दोन्ही असलं, तर आधी लिहिलंय ते ऑइलचं मुख्य काम.

सीएफ-4 हा दर्जा 1990 चा. तो आता एपीआयच्या चालू यादीत नाही. त्यानंतर 1998 मध्ये सीएच-4 आला, 2002 मध्ये सीआय-4, 2006 मध्ये सीजे-4 आणि 2016 अखेर सीके-4. प्रत्येक पिढीमागे इंजिनात झालेला एखादा बदल आहे. सीआय-4 आला तो ईजीआरवाल्या इंजिनांसाठी. ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये घेणं. त्याने ऑइलात काजळी वाढते, आम्लही वाढतं. म्हणून या ऑइलात काजळीचे कण सुटे ठेवणारी आणि आम्ल मारणारी रसायनं आधीपेक्षा जास्त लागली.

डिझेलचं ऑइल थोड्याच तासांत काळं होतं याचं कारणही हेच. ते काजळी स्वतःत धरून ठेवतंय, म्हणून काळं दिसतं. बरेच तास चालूनही डिपस्टिकवर सोनेरीच दिसणाऱ्या ऑइलबद्दल उलट शंका घ्यावी. काजळी ऑइलात नसेल तर ती रिंगांच्या खाचांत, ऑइलच्या वाटांत, नाहीतर चेंबरच्या तळाशी गाळ होऊन बसलेली असू शकते. पेट्रोल गाडीचं ऑइल ट्रॅक्टरमध्ये का चालत नाही, तेही यातूनच कळतं. इतकी काजळी सांभाळायला ते बनवलेलंच नसतं.

वरच्या पिढीचं ऑइल खालच्या पिढीच्या इंजिनात साधारणपणे चालतं. सीएच-4 मागणाऱ्या ट्रॅक्टरला सीआय-4 घातलं तर बिघडत नाही. उलटं करू नये. याला दोन अपवाद आहेत, आणि ते महागात पडू शकतात.

पहिला अपवाद एफए-4. हा दर्जा सीके-4 सोबतच आला, पण हे ऑइल मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे आणि ठरावीक नव्या रस्त्यावरच्या इंजिनांसाठीच आहे. पुस्तिकेत 'एफए-4' ही अक्षरं स्पष्ट नसतील, तर तो डबा ट्रॅक्टरसाठी नाही.

दुसरा अपवाद इंधनातल्या गंधकाचा. डिझेल जळताना गंधकापासून आम्ल तयार होतं आणि ऑइलातला क्षार ते मारतो. या क्षाराचं माप म्हणजे टीबीएन. सीजे-4 आणि सीके-4 मध्ये ऑइल जळल्यावर उरणाऱ्या राखेवर 1 टक्क्याची मर्यादा आहे, त्यामुळे राख तयार करणारा क्षार त्यांत जपून घालावा लागतो. डिझेल 10 ते 15 पीपीएम (दहा लाखांत 10 ते 15 भाग) गंधकाचं असेल तर चिंता नाही. गंधक जास्त असलेलं डिझेल वापरात असेल, तर अशा ऑइलातला क्षार लवकर संपतो आणि बदलीचे तास कमी करावे लागतात. अशा ठिकाणी साध्या, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) नसलेल्या इंजिनाला सीआय-4 जास्त सोयीचं.

[दृश्य: डीपीएफचा कापलेला नमुना. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं.]

डीपीएफच्या जाळीत अडकलेली काजळी ठरावीक काळाने जाळून ती मोकळी करता येते. ऑइलातून येणारी राख मात्र जळत नाही, साठतच जाते. म्हणून डीपीएफ असलेल्या ट्रॅक्टरला सीजे-4 किंवा सीके-4 च लागतं. इथे 'जुनं सीआय-4 शिल्लक आहे, तेच टाकू' असं केलं तर जाळी वेळेआधी भरते.

[दृश्य: दोन डबे शेजारी. एकावर 'इंजिन ऑइल', दुसऱ्यावर 'यूटीटीओ'. दोन्हींवर ट्रॅक्टरचंच चित्र.]

आता एक गफलत, जी केवळ चित्रामुळे होते. 'ट्रॅक्टर ऑइल' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिलं इंजिन ऑइल. दुसरं यूटीटीओ. ते गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेक यांच्यासाठी असतं, इंजिनात घालायचं नसतं, कारण काजळी आणि आम्ल सांभाळण्याची सोय त्यात नसते. तिसरं एसटीओयू. ते इंजिनासकट सगळीकडे चालेल असं बनवलेलं असतं, पण तेही पुस्तिकेत परवानगी असेल तरच. उलट चूकही होते. गिअर-ब्रेकच्या मागच्या चेंबरमध्ये इंजिन ऑइल ओतलं की ऑइल ब्रेक दाबताना थरथरतात, किरकिरतात आणि पकड नीट मिळत नाही.

सिंथेटिकबद्दल थोडक्यात. कडाक्याच्या थंडीत आणि सतत तापणाऱ्या टर्बो इंजिनात त्याचा उपयोग होतो. पण डब्यावर सिंथेटिक लिहिलंय म्हणून बदलीचे तास आपल्या मनाने वाढवू नयेत. धूळ, काजळी आणि डिझेल त्यातही मिसळतंच. वरून ओतायच्या 'इंजिन ट्रीटमेंट'च्या बाटल्यांची गरजच नाही. चांगल्या ऑइलात रसायनांचं प्रमाण आधीच जुळवलेलं असतं, बाटलीने ते बिघडू शकतं.

[दृश्य: अवरमीटर. मग धुळीत चालणारा रोटाव्हेटर.]

किती तासांनी बदलायचं? अनेक ट्रॅक्टरांना 250 तास सांगितलेले असतात आणि नव्या इंजिनाची पहिली बदली बहुधा 50 तासांना असते. आपल्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. दिवसभर धुळीत रोटाव्हेटर, चिखलणी, किंवा तासन् तास उभ्याने पीटीओवरचं (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर यंत्र चालवायचं) काम असेल, तर तो आकडा कमी धरावा. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावंच. कमी चालणाऱ्या इंजिनात ओलावा आणि आम्ल साठतं.

तासांच्या मधेही ऑइल बरंच काही सांगतं. गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरचा एक थेंब गाळणकागदावर टाका आणि काही तास राहू द्या. डाग मधून कडेपर्यंत एकसारखा करडा पसरला, तर ऑइल काजळी अजून सुटी ठेवतंय. मधे दाट काळा ठिपका, त्याला रेखीव कडा आणि बाहेर जवळजवळ कोरं ऑइल दिसलं, तर ते थकलंय. बाहेर फिकट, पारदर्शक वलय फार मोठं आलं तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्यावा.

डिझेल मिसळण्याची दुसरी खूण म्हणजे ऑइलची पातळी वाढणं. पातळी घटली की लोक घाबरतात, वाढली की दुर्लक्ष करतात. खरं तर वाढलेली पातळी जास्त धोक्याची. गळणारं नोझल, फीड पंपाचा फाटलेला पडदा, किंवा डिझेल पंपाचं गेलेलं सील यांतून डिझेल चेंबरमध्ये उतरतं. डीपीएफवाल्या इंजिनात जाळी साफ होण्याचं चक्र वारंवार अर्धवट तुटलं तरी असं होऊ शकतं. ऑइल पातळ होतं, दाब पडतो आणि बेअरिंग जातं. पातळी वाढून ऑइल दुधाळ दिसलं तर ते रेडिएटरचं पाणी. दोन्हीत इंजिन चालवू नये, आणि नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

[दृश्य: सपाट जमिनीवर ट्रॅक्टर. खाली रुंद तोंडाचं घमेलं, ड्रेन प्लगवर पाना.]

ऑइल बदलताना इंजिन आधी कोमट करून बंद करा, म्हणजे काजळी ऑइलासोबत वाहून जाते. ट्रॅक्टर सपाट जागी हवा. ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून पाहा. जुन्या रबरावर नवं बसलं तर इंजिन चालू होताच ऑइल बाहेर उडतं. नव्या फिल्टरच्या रबराला ताजं ऑइल लावून तो हाताने फिरवा. रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आवळा, फिल्टरवर वेगळं लिहिलं असेल तर तसं. पान्याने आवळू नये.

चेंबर किती लिटरचं ते पुस्तिकेत असतं. त्यापेक्षा अर्धा-एक लिटर कमी ओता आणि डिपस्टिक बघत पुढे जा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक ऑइलात आपटते, फेस होतो, आणि फेसात हवा असल्याने बेअरिंगवरचा थर टिकत नाही. इंजिन चालू केल्यावर काही सेकंदांत दाबाचा दिवा विझायला हवा. न विझल्यास लगेच बंद करा. पाच मिनिटं आयडलवर चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पातळी पुन्हा बघा. फिल्टरने घेतलेलं ऑइल आता कमी दिसेल, तेवढं भरा. फिल्टरवरच मार्करने अवरमीटरचा आकडा, ग्रेड आणि दर्जा लिहा.

मधेच ऑइल कमी पडलं आणि दुसऱ्या कंपनीचंच हाताशी असलं, तर जाडी आणि दर्जा जुळत असताना ते बिनधास्त मिसळा. जाडी जुळत नसली तरी खालच्या खुणेखाली ऑइल ठेवून चालवण्यापेक्षा ते बरं, फक्त पुढची बदली लवकर करा.

आणि चुकीचं ऑइल ओतलं गेलंच असेल, तर चावी फिरवू नका. फिरवली नसेल तर चेंबर रिकामं करून योग्य ऑइल भरलं की झालं, फिल्टरमध्ये अजून काही गेलेलं नसतं. इंजिन चाललं असेल तर फिल्टरसकट बदला, योग्य ऑइल भरा आणि 25-30 तासांनी ऑइल-फिल्टर दोन्ही पुन्हा एकदा बदला.