गाणं सुरू कधी होणार? : ‘ब्लू लाइन्स’ ऐकताना

(हेडफोन गळ्यात. मागे खिडकी, रामबागेतली रहदारी ऐकू येतेय.)

परवा बाबांना मोबाइलवर एक गाणं लावून दिलं. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “अरे, गाणं सुरू कधी होणार?”

कोण म्हणतंय बघा! अमीर खाँसाहेबांचा झुमरा लावून चौदा मात्रांचं आवर्तन संपेपर्यंत चहा गार करणारा माणूस.

पण चूक माझीच. मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून बास, म्हणजे खालचा जाड सूर, येतच नाही. आणि या अल्बमचं अर्धं गाणं बासमध्येच आहे.

‘ब्लू लाइन्स’, १९९१. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या बँडचा पहिला अल्बम. ही मंडळी ‘वाइल्ड बंच’ नावाच्या साउंड सिस्टीममधून आली. साउंड सिस्टीम ही मूळची जमैकाची रीत : भिंतीएवढे स्पीकर, रेकॉर्डी आणि माइकवर बोलणारा एक जण. आमच्या इंदूरला रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, डीजेची गाडी राजवाड्यासमोर आली की छातीत कसं धडधडतं? तो वेग उतरवा, वरचा गोंगाट काढा, खालची धडधड तेवढी ठेवा. झालं डाउनटेम्पो! (विलंबित नाही हं म्हणणार. खाँसाहेबांच्या लयीपुढे हे धावतंच.)

(बास वाजतो.)

हे ‘सेफ फ्रॉम हार्म’. हा बास बिली कॉबमच्या १९७३ च्या ‘स्ट्रेटस’मधून घेतलाय. जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापायचा आणि गोल गोल फिरवायचा, त्याला सॅम्पल म्हणतात. तबला सोलोला पेटीवर लेहरा धरतात ना, एकच धून पुन्हा पुन्हा, तेच काम. लेहरा जागचा हलत नाही, म्हणून कान वर जातो. वर कोण आहे? शारा नेल्सन. अस्सल सोलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावभऱ्या गाण्याचा गळा, भरलेला. आणि तिच्या बाजूला कानात कुजबुजावं तसं रॅप. हिपहॉप, सोल, रेगे, सगळं एका ताटात, तरी कालवाकालव नाही.

हा कॉबम महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा ड्रमर. त्या ऑर्केस्ट्राचे तुकडे या अल्बममध्ये आणखी दोन गाण्यांत आहेत. तो ऑर्केस्ट्रा स्थापन करणारे जॉन मॅकलॉफ्लिन, म्हणजे पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा बँड करणारेच.

त्या दोनांतलं एक ‘अनफिनिश्ड सिम्पथी’. व्हायोलिनं आधी सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर होती, मन भरेना. मग लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत खरे वादक बसवले, आणि खर्चासाठी गाडी विकली! ऐकताना वाटतं, गाडी गेली ते बरंच झालं. ‘बी थँकफुल’ हे जुनं गाणं यांनी पुन्हा केलंय, ते मात्र मला मूळ विल्यम डीव्हॉनचंच आवडतं. इथे नवीन फारसं काही नाही.

तर काल बाबांच्या कानाला हेडफोन लावला. तेच ‘सेफ फ्रॉम हार्म’. संपेपर्यंत मांडीवर बोट चाललेलं. मग म्हणाले, “लेहरा धरणारा एकदाही हलला नाही रे!”

मशीन आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही.