पाच मासे, एक बोट

(दृश्य : अंधार. पाण्यावर धुकं. बोटींचे लाल-हिरवे दिवे.)

पहाटेचे साडेपाच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला गंटर्सव्हिल तलाव. सप्टेंबर सरत आलाय, पण हवेत अजून उकाडा आहे. उतारावरून एकेक गाडी मागे मागे येते, ट्रेलरवरची बोट पाण्याला टेकते, आणि डोक्याला बॅटरी बांधलेलं कुणीतरी उडी मारून तिच्यात चढतं. अठरा ते बावीस वर्षांची ही मुलं-मुली एकाच कॉलेजात शिकतात. जर्सीवर कॉलेजचं नाव आहे आणि खेळ आहे गळ टाकून बास पकडण्याचा. आज क्लबची आपापसातली स्पर्धा. एका बोटीत दोघं, आणि दोघांचे मिळून सर्वांत जड पाच मासे मोजायचे.

आम्ही प्रत्येकाला एकच विचारलं : तुझी आवडती पद्धत कोणती? उत्तर द्यायला जो तो घरापासून सुरुवात करायचा. आमच्या गावाजवळ एक तळं आहे... आमच्याकडे नदी थंड असते... आमच्या तलावाच्या पोटात जुनी नदी आहे... पद्धतीचं नाव यायचं ते सगळ्यांत शेवटी.

(दृश्य : हातात धरलेला लार्जमाउथ बास, अगदी जवळून.)

बास म्हटलं की आपल्याला हॉटेलच्या मेन्यूवरचा सी बास आठवतो, म्हणजे जिताडा. हा तो नव्हे. हा गोड्या पाण्यातला लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा, आणि तोंड एवढं मोठं, की मिटल्यावर जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. स्वभावानं आपल्या मरळीच्या जवळचा. गवताच्या, ओंडक्याच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतो. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ. तपकिरी अंगाचा, अंगावर उभे पट्टे, थंड आणि खडकाळ पाण्यात रमणारा. वजनानं कमी, पण अंगात रग जास्त.

(दृश्य : तलावाचा गवताळ भाग. बोटीची मोटर बंद.)

हा पहिला मुलगा अलाबामाच्या दक्षिणेकडचा. त्याच्या आजोबांच्या शेतात कमळाच्या पानांनी झाकलेलं तळं होतं. त्याची पद्धत एकच, बेडूक. मऊ पोकळ रबराचा, पाण्यावर तरंगणारा. दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे गवतावरून ओढला तरी अडकत नाही.

गंटर्सव्हिलच्या उथळ भागात हायड्रिला आणि मिलफॉइल या पाणवनस्पतींची गादी पसरते. उन्हाळ्याच्या शेवटी ती इतकी दाट होते, की वरून पाणी दिसतही नाही. मुलगा तिथे बोट थांबवतो, आणि काठीला हात न लावता नुसता उभा राहतो.

ऐका.

(ध्वनी : पाच सेकंद. बारीक टपटप.)

कढईत लाह्या फुटायला लागाव्यात, तसा हा आवाज गवताखालून येतोय. ब्लूगिल नावाचे छोटे मासे गवताला खालून चिकटलेले किडे टिपतायत. जिथे ब्लूगिल जमतात, तिथे त्यांना खाणारा बास लांब नसतो. शेकडो एकर गवत सारखंच दिसतं. या मुलाला त्यातला बोलका तुकडा कानानं कळतो.

बेडूक पडतो. दोन झटके, मग स्थिर. पुन्हा दोन झटके. आणि गवत फुटतं.

याच क्षणी नवखा माणूस काठी खेचतो आणि रिकामा बेडूक त्याच्या तोंडाकडे उडत येतो. मुलगा तोंडातल्या तोंडात मोजतो : एक, दोन. दोरीवर वजन जाणवलं की मगच पूर्ण ताकदीनं काठी वर. दोरी वेणीसारखी विणलेली, पासष्ट पौंडांचा ताण सोसणारी. आपल्याकडचा साधा तंगूस इथे टिकणार नाही, कारण मासा एकटा येत नाही, गवत घेऊन येतो. बोटीत आला तो हिरवा गोळाच. मुलगा गुडघ्यांवर बसून बोटांनी गवत बाजूला करत गेला. आधी शेपटी दिसली, मग कल्ला, आणि शेवटी ते तोंड. सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. महाराष्ट्रात मरळीसाठी रबरी बेडूक टाकणाऱ्यांनी हे दोन आकडे मोजण्याचं धैर्य कधी ना कधी शिकलेलं असणार.

(दृश्य : पुलाचे खांब. एक मुलगी, हातात सडपातळ काठी.)

त्याच्या बोटीतली जोडीदार न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाची. तिचं पाणी म्हणजे सेंट लॉरेन्स नदी : थंड, स्वच्छ, वाहती. तिथला राजा स्मॉलमाउथ. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडून जहाजं तोल राखायला भरतात त्या पाण्यातून आलेला गोबी नावाचा छोटा मासा तिथे आता तळाशी पसरलाय, आणि तो खाऊन स्मॉलमाउथ चांगले गुबगुबीत झालेत.

तिची पद्धत ड्रॉप शॉट. यात शिसं दोरीच्या टोकाला, तळाशी, आणि गळ त्याच्या वर वीतभर. शिसं तळावर टेकतं, बोटभर लांबीचं रबरी आमिष मात्र अधांतरी थरथरत राहतं. दोरी आठ पौंडांची, केसासारखी. मला वाटलं होतं ती काठी सतत हलवत असेल. तिनं माझा हात धरून काठीवर ठेवला. दोरी किंचित सैल, आणि फक्त तो सैलपणा हलवायचा. शिसं जागचं ढळू द्यायचं नाही. कुणी चावलं तर झटका लागत नाही, काठी नुसती थोडी जड होते. पहिल्या दोन वेळा मला ते कळलंच नाही. तिला माझ्या हातातल्या काठीचं टोक बघून कळलं.

तिचा सर्वांत लाडका मासा अडीच पौंडांचा. मोठ्या माशांचे फोटो तिच्याकडे ढिगानं आहेत. पण बर्फाळ एप्रिलमध्ये, आईच्या बोटीत, स्वतः बांधलेल्या गाठीवर आलेला तो पहिला मासा ती विसरत नाही. तिनं हातानं त्याची लांबी दाखवली, आणि दोन्ही हात बराच वेळ तसेच धरून ठेवले.

(दृश्य : तलावाचा नकाशा. पाण्याखालची जुनी नदी.)

तिसरा मुलगा केंटकी तलावाकडचा. त्याची पद्धत समजायला थोडा इतिहास लागतो. टेनेसी नदीवर धरणं बांधायला १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली अथॉरिटी स्थापन झाली. गंटर्सव्हिल धरण १९३९ मध्ये पुरं झालं, केंटकी धरण १९४४ मध्ये. शेतं, रस्ते, नदीचे काठ पाण्याखाली गेले, पण मोडले नाहीत. नदीचं जुनं पात्र आजही तलावाच्या पोटात तसंच आहे, आणि त्याच्या काठांवर, पाच-सात मीटर खोल, उन्हाळ्यात बासचे थवे उभे राहतात. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली आपलं जुनं गाव कुठे होतं हे सांगणारी म्हातारी माणसं आपल्याकडे आहेत. हा मुलगा तसाच नकाशावर बोट ठेवून सांगतो : इथे रस्ता होता, इथे ओढा मिळायचा, इथे शिंपल्यांचा थर आहे.

सकाळी उठल्यावर हवामानाच्याही आधी तो धरणातून पाणी किती वाजता सोडणार ते बघतो. टर्बाइन फिरायला लागली की तलावात प्रवाह तयार होतो. विस्कटलेले मासे प्रवाहाकडे तोंड करून ओळीनं उभे राहतात आणि वाहत येणारे छोटे मासे खायला लागतात. टर्बाइन थांबली की जेवण संपलं. तो खोल बुडणारा क्रँकबेट टाकतो. ही पुढे रुंद जीभ असलेली, माशाच्या आकाराची प्लास्टिकची वस्तू. ती तळावर आपटत येते. चिखल असला तर काठीला मऊ लागतं, शिंपले असले तर करकर. ‘करकर लागली की श्वास रोखायचा,’ तो म्हणाला.

रबरी गांडुळाबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला बास त्यावरच आलाय. गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवायचं, पुढे गोळीसारखं शिसं घालायचं, याला टेक्सस रिग म्हणतात. झुडपातून, फांद्यांतून ते सुखरूप बाहेर येतं. गांडूळ मधोमध गळाला टोचून नुसतं बुडू दिलं तरी दोन्ही टोकं थरथरतात आणि मासा येतो.

(दृश्य : दुपार. बोटीत दोघं, पाठमोरी.)

आता पुन्हा त्या पहिल्या बोटीत. गवताकडे जायचं की पुलाकडे? बेडकावर दिवसात चारच झडपा मिळतील, पण मासे मोठे. ड्रॉप शॉटवर मासे भरपूर, पण लहान, आणि या तलावात पंधरा इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ ठेवता येत नाही. अकरा वाजेपर्यंत दोघांचा अबोला. मला त्यांच्यातला हा ताण बघायला आवडला, कारण तो खरा होता. दोघांनाही आपलंच पाणी बरोबर वाटत होतं. शेवटी ठरलं असं : आधी पुलापाशी पाच मासे भरायचे, मग उरलेला वेळ गवतात घालवून लहान मासे सोडून मोठे घ्यायचे.

बोटीच्या पोटात पाण्याची टाकी असते. पंपानं हवा खेळवलेली. उकाड्यामुळे मुलीनं गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या, दर तासाला एक टाकीत. मासा मेला तर वजनातून दंड कापला जातो. मासे जिवंत ठेवण्याची ही पद्धत रे स्कॉट यांची. बास पकडण्याच्या स्पर्धा भरवणारी बी.ए.एस.एस. ही संघटना त्यांनी १९६८ मध्ये उभी केली. आधी स्पर्धेतले मासे मरायचेच. १९७२ मध्ये त्यांनी स्पर्धेतला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला आणि टाक्या आल्या. आज ही मुलं ओल्या हातानंच मासा धरतात, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आपण नदीवर जातो तेव्हा एवढं तरी घेण्यासारखं आहे.

सगळ्या बोटींत एक पडदाही दिसतो. समोरच्या पाण्यातला मासा हलताना दाखवणारा सोनार गेल्या काही वर्षांपासून बाजारात आहे, आणि क्लबमध्ये त्यावरून दोन तट आहेत. एकजण पडद्यावरून नजर न हटवता माशाच्या नाकासमोर आमिष नेतो. बेडूकवाला मुलगा पडदा बंद ठेवतो. त्या टपटप आवाजापाशी उभा राहिल्यावर माझं मन त्याच्या बाजूला झुकलं, हे मी कबूल करते.

यातले काही पुढे व्यावसायिक होतील. ऑबर्न विद्यापीठाच्या क्लबातून आलेल्या जॉर्डन ली यांनी २०१७ आणि २०१८, अशी सलग दोन वर्षं बासमास्टर क्लासिक ही या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा जिंकली. माँटेव्हॅलो विद्यापीठाचा ईस्टन फॉदरगिल २०२५ मध्ये तीच जिंकला. टेनेसीतल्या बेथेलसारखी काही विद्यापीठं या खेळासाठी शिष्यवृत्तीही देतात. बाकीचे मात्र पेट्रोलचे पैसे वाटून घेतात आणि मोटेलच्या एका खोलीत चौघं झोपतात.

जेवताना विषय हटकून विक्रमाचा. जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी यांना २ जून १९३२ रोजी २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ मिळाला. दहा किलोंच्या वर. मंदीचे दिवस होते. त्यांनी मासा तोलला, घरी नेला आणि कुटुंबानं तो खाल्ला. सत्याहत्तर वर्षांनी, २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी किंचित जड मासा पकडला. फरक दोन औंसांपेक्षा कमी, म्हणून विक्रम दोघांच्या नावे.

पण बिवा सरोवरात बास मुळात माणसानं आणून सोडलेला. त्यानं तिथल्या मूळ माशांची दाणादाण उडवली, आणि आता पकडलेला बास तिथे पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. उजनीत बाहेरून आलेल्या चिलापी माशानं काय केलं हे भीमाकाठच्या मच्छीमारांना विचारा. हा मासा कितीही देखणा असला तरी आपल्या धरणांत कुणी आणू नये, हे मला मनापासून सांगायचंय.

(दृश्य : तीन वाजता. वजनकाटा.)

वजनाची वेळ. पहिल्या बोटीतली दोघं काट्यापाशी आली. पुलाचे तीन, गवताचे दोन. एकूण १७ पौंड २ औंस. पहिला नंबर केंटकीच्या मुलाच्या बोटीचा. त्याच्यासाठी आज टर्बाइन वेळेवर फिरली होती. बेडूकवाल्यानं सर्वांत मोठा मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, कल्ले दोनदा उघडले, आणि शेपटीच्या एका फटक्यात तो गेला.

(दृश्य : संध्याकाळ. गाडीच्या मागच्या फळीवर दोघं.)

मुलगा पातळ दोरीवर ड्रॉप शॉटची गाठ बांधतोय. तिसऱ्यांदा सुटली. मुलगी बघतेय, हात मागेच ठेवून. तिच्या मांडीवर त्याचा बेडूक आहे. तो पाण्यावर डावी-उजवीकडे नीट वळावा म्हणून ती कात्रीनं त्याचे रबरी पाय कापतेय, थोडे थोडे करून. ‘अजून किती?’ ती विचारते. तो गाठीवरून नजर न उचलता म्हणतो, ‘आणखी केसभर.’